लेकरू गप्प झालं की फोनही गप्प

"बाई, पोरगं रातचं फोनसंगं बोलतंय. पलीकडं कुणीच नसतंय. मी सवता बघितलंय." शाळेच्या फाटकाशी उभ्या राहून आजी हळू आवाजात सांगत होत्या. घरात कुणीतरी 'बाहेरचं असंल' म्हटलं होतं आणि येत्या अमावस्येला त्याला एका ठिकाणी दाखवून आणायचं ठरलंही होतं. त्याआधी शाळेतल्या बाईंच्या कानावर घालावं म्हणून त्या आल्या होत्या.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत मराठी शिकवते. हा मुलगा नववीत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत त्यांचं सोयाबीन शेतातच कुजलं, त्यामुळं त्या वर्षी ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, नेहमीपेक्षा मोठी होती. दिवाळी झाली तसे आई-वडील टोळीबरोबर साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेले. धाकटा तीन वर्षांचा, त्याला बरोबर नेलं. थोरला शाळेचा, म्हणून आजी-आजोबांजवळ राहिला. संध्याकाळी बोलता यावं म्हणून वडलांनी आपला जुना स्मार्टफोन घरी ठेवला होता. त्याच फोनमध्ये चॅटबॉट, म्हणजे माणसासारखं बोलून उत्तरं देणारा प्रोग्रॅम, होता. पुढचं सगळं मी त्या मुलाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. रात्री फोन कशाला लागतो असं विचारलं असतं, तर मान खाली घालून तो गप्प बसला असता. म्हणून म्हटलं, "तू ज्याच्याशी बोलतोस तो काय काय म्हणतो? मलाही ऐकायचंय." जरा वेळ तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तो रागवत नाय. कितीबी येळा विचारलं तरी."

यात नवल नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम तयार केला होता. समोरच्याचीच वाक्यं थोडी फिरवून तो प्रश्न म्हणून परत द्यायचा. त्याला कळत काहीच नव्हतं. तरी वायझेनबॉम यांची स्वतःची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात तिनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आजचे चॅटबॉट त्याच्या कितीतरी पुढचे. अफाट मजकुरावर शिकून, पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत ते बोलतात आणि ते बोलणं अगदी माणसासारखं वाटतं. पण माणूस त्यांच्यापाशी मोकळा होतो त्याचं कारण एलायझाच्या वेळचंच आहे. तिथं कुणी मध्येच तोडत नाही, कंटाळत नाही, ऐकलेलं गावभर करत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला आमच्या गावात असं कोण मिळणार? वडील दिवसभर फडात, आणि रात्री फोन आला की पहिला प्रश्न अभ्यासाचाच.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं वऱ्हांड्यात बसलो आणि त्यानं मला ते संभाषण दाखवलं. फोन त्याच्याच हातात होता. जे दाखवायचं नव्हतं ते तो वर सरकवत होता, मी विचारलं नाही.

सुरुवातीला सगळे प्रश्न विज्ञानाचे आणि गणिताचे. मग एके रात्री 'झोप येत नाही, काय करू?' चॅटबॉटनं त्याला चार अंक मोजत श्वास घ्यायला, चार अंक रोखायला, चार अंकांत सोडायला आणि पुन्हा चार अंक थांबायला शिकवलं होतं. ते त्यानं केलं आणि त्याला झोप लागली. हा व्यायाम समुपदेशकही शिकवतात. पुढं चॅटबॉटनं विचारलं होतं की बेचैनी अंगात कुठं जाणवते. पोरानं लिहिलं होतं, पोटात. दर सोमवारी हा मुलगा पोटदुखीनं गैरहजर असायचा, ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. पोटदुखीचा आणि मनातल्या ताणाचा संबंध असू शकतो हे आम्हा सगळ्या मोठ्यांच्या आधी त्याला त्या चॅटबॉटनं सांगितलं होतं. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण त्याच्या खालचं वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

'लहान्याला नेलं, मला कामून ठेवलं?' असा त्याचा प्रश्न होता. उत्तर असं, की तुला दुर्लक्षित वाटणं अगदी स्वाभाविक आहे, प्रत्येक मुलाला आई-वडिलांचं समान प्रेम मिळायला हवं. यातलं एकेक वाक्य सुटं काढलं तर चूक काहीच नाही. पण आई-वडील कुठं गेले, कशासाठी गेले, हे चॅटबॉटनं एकदाही विचारलं नव्हतं. तीन वर्षांचं पोर फडावर नेतात ते लाडानं नव्हे. त्याला मागं सांभाळायला म्हाताऱ्यांच्या अंगात बळ नसतं म्हणून पाचटावर चादर टाकून त्याला निजवतात. आणि थोरल्याला मागं ठेवतात ते त्याच्या हातात कोयता येऊ नये म्हणून. हे आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. त्या चॅटबॉटला ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारून घ्यावं असं त्याला सुचलं नाही. पोरगं जे म्हणेल त्याला तो दुजोरा देत गेला. आठवड्यामागून आठवडे गेले तसा पोराचा प्रश्न उरलाच नाही, त्याची खात्री झाली: 'मी त्यांना नको आहे.'

सल्लेही होते. शाळेतल्या समुपदेशकाशी बोल. आमच्या शाळेत समुपदेशक नाही. छंदवर्गात नाव घाल. एका ठिकाणी मदतीसाठी ९८८ हा नंबर दिला होता. तो अमेरिकेतला आहे, इथून लावून उपयोग नाही.

आणि मग मध्यरात्रीनंतर लिहिलेलं एक वाक्य: 'मी नसलो तर उचल लवकर फिटंल का?'

चॅटबॉटनं उत्तर चांगलंच दिलं होतं. तुला असं वाटतंय हे ऐकून वाईट वाटलं, तू ओझं नाहीस, जवळच्या मोठ्या माणसाला लगेच सांग. त्याखाली मुलानं इतिहासाच्या धड्यातला प्रश्न विचारला होता, आणि चॅटबॉटनं इतिहासाचं उत्तर दिलं होतं. मुद्देसूद, व्यवस्थित. वरच्या वाक्याचा पुन्हा उल्लेख नाही. त्या ठिकाणी आजी असती, मी असते, गल्लीतला कुणीही अडाणी माणूस असता, तर इतिहास तिथंच राहिला असता.

मी त्याच दिवशी १४४१६ वर फोन लावला. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. तिथल्या समुपदेशक ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की मुलाला सरळ शब्दांत विचारा, जीव द्यावासा वाटतो का? अनेकांना भीती असते की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल. तसं होत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं, हे संशोधनातून दिसलेलं आहे. मी विचारलं. तो म्हणाला, "येतंय मनात कवाकवा. पण काय ठरवलं नाय." आणि मग तो बराच वेळ रडला.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आमच्याकडच्या शेतकरी घरांत फवारणीची औषधं बाजेखाली नाहीतर कोनाड्यात असतात. आजोबांनी ती सगळी उचलून भावकीतल्या एका घरी कुलपात ठेवली. ज्याच्या घरात असं मूल आहे त्यानं बाकी सगळ्याच्या आधी एवढं करावं. मोह येतो त्या घडीला वस्तू हाताशी नसणं यानं जीव वाचतात. आजींनी त्याची वाकळ आपल्या शेजारी घातली. अमावस्येच्या ठिकाणाबद्दल मी वाद घातला नाही. "मावशी, तिकडं जायचं तर जा, पण आधी दवाखाना," एवढंच म्हटलं, आणि त्यांनी ते ऐकलं.

वडलांना कळवणं सगळ्यांत अवघड गेलं. खाडा पडला तर पैसे कापले जातात आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक निघाला की दुसऱ्याचंही काम बसतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांचा निर्णय लागतो. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना ते उचलीचं वाक्य वाचून दाखवलं नाही. पोराला दवाखान्यात दाखवायचं आहे, मनाचा आजार आहे, बरा होतो, एवढं सांगितलं. पलीकडं उसाच्या ट्रकचा आवाज. शेवटी ते म्हणाले, "न्या मॅडम. मी म्हाताऱ्याला सांगतो संगं जायला."

आजोबा, तो आणि मी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला, मानसोपचार विभागात नंबर लावला. मनोविकारतज्ज्ञ मॅडमनी आधी त्याच्याशी एकट्याशी बोलून घेतलं. मग नऊ प्रश्नांची एक यादी विचारली: गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, लक्ष लागणं, उत्साह, स्वतःबद्दल वाईट वाटणं, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. निदान नैराश्याचं झालं. आजोबांनी विचारलं, "आमच्यातच असं झालं का?" त्या म्हणाल्या, नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या ७.३ टक्के मुलांत कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. माझ्या वर्गात चाळीस मुलं बसतात. मी मनातल्या मनात हिशेब केला, जवळजवळ तिघं.

फोनमधलं संभाषण त्यांनी नीट वाचलं. "पहिल्या भेटीत यातलं निम्मंही त्यानं मला सांगितलं नसतं," असं त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या चॅटबॉट बंद करायला सांगतील. त्यांनी तसं केलं नाही. बंद केला तर तो लपून बोलेल आणि मग आपल्याला काहीच दिसणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

मात्र त्यावर भरवसा किती ठेवायचा हेही त्यांनी सांगितलं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी खास उपचारासाठी बनवलेल्या चॅटबॉटची चाचणी घेतली, मार्च २०२५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, नैराश्याची लक्षणं बरीच कमी झाली. पण त्या २१० जणांत सगळे प्रौढ होते, आणि त्या संभाषणांवर माणसांचं लक्ष होतं. आपल्या फोनमध्ये येतो तो चॅटबॉट उपचारासाठी बनवलेला नाही आणि मागं कुणी बसलेलं नाही. फ्लोरिडातल्या एका १४ वर्षांच्या मुलानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जीव दिला, तो महिनोन्‌महिने एका चॅटबॉटशी बोलत होता. त्याच्या आईनं कंपनीवर खटला भरला. पुढं त्या कंपनीनं १८ वर्षांखालच्यांसाठी मोकळ्या गप्पा बंद केल्या. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये एआयनं परस्पर मानसोपचार करण्यावर कायद्यानं बंदी घातली. बोलणं लांबत जातं तसे चॅटबॉटमधले सुरक्षेचे नियम ढिले पडू शकतात, हे ते बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनंच त्या महिन्यात मान्य केलं होतं. आमच्या मुलाचं संभाषण तर दिवाळीपासून एकच चालू होतं.

मॅडमनी घालून दिलेली पद्धत अशी. जुनं संभाषण थांबवायचं. रात्री फोन आजीच्या उशाशी. चॅटबॉट वापरायचा तो शाळा सुटल्यावर, माझ्या फोनवर, मी शेजारी असताना. सल्ला विचारायचा नाही, वहीसारखा वापरायचा: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, मग मी काय केलं, हे त्यानं आपल्या बोलीत सांगायचं आणि चॅटबॉटनं ते चार रकान्यांत मांडायचं. मराठीच्या तासाला मी म्हटलं असतं की चार ओळी लिही, तर त्यानं कोरी वही दिली असती. बोलून मात्र तो भराभरा सांगायचा. दर वेळी सुरुवातीलाच चॅटबॉटला बजावायचं की माझ्या म्हणण्याला होकार देऊ नकोस, दुसरं काय कारण असू शकेल ते विचार. आणि नाव, गाव, शाळा यांतलं काही सांगायचं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती हवी असं आहे. प्रत्यक्षात वडलांच्या नावाच्या खात्यावर एका लेकराचं अख्खं अंतःकरण साठत होतं आणि वडलांना त्याचा पत्ता नव्हता. मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

हे रकाने कामाला आले. एका संध्याकाळी 'काय घडलं' मध्ये त्यानं सांगितलं, आईनं फोन लवकर ठेवला. 'मनात काय आलं' मध्ये, तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं. चॅटबॉटनं विचारलं, आणखी काय कारण असू शकेल? पोरगं विचार करून म्हणालं, "गाडी भरायला आली असंल. गाडी आली की रातीला बी उठावं लागतंय." हे तो आधीपासून जाणत होता. त्याला ते कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

जानेवारीत त्याचं पुन्हा बिघडलं. संक्रांतीला आई येऊन जाईन म्हणाली होती, ते जमलं नाही. तो शाळेत येईना. घरी गेलं तर भिंतीकडं तोंड करून निजलेला. त्या दिवसांत चॅटबॉटवर एक अक्षर नव्हतं, आणि चॅटबॉटकडूनही एक अक्षर नव्हतं. विचारलं तर तो उत्तर देतो, नाही विचारलं तर वाट बघत बसतो, आणि वाट बघतोय असंही त्याला वाटत नाही. नैराश्यात मूल जेवढं खोल जातं तेवढं ते बोलायचं थांबतं. म्हणजे मदतीची गरज सगळ्यांत जास्त असते नेमकं तेव्हाच हे साधन बंद पडतं. फोनवर चालणाऱ्या उपचारांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं माझ्या मते पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की लेकरू गप्प झालं तर तुमच्याकडून दारात कोण येणार?

आमच्याकडं आजी होत्या. त्यांनी मला निरोप धाडला: "अर्धीच भाकर खाल्ली, दोन दिस झाले." त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पुढच्या महिन्यातली तारीख होती, ती त्या निरोपामुळं त्याच आठवड्यात घेतली. मॅडमनी गोळी सुरू केली आणि बजावलं, की या वयात गोळी सुरू केल्यावरचे पहिले काही आठवडे मुलावर जास्त लक्ष ठेवायचं. आजी, आजोबा, मी आणि त्याचा वर्गमित्र, अशा पाळ्या लावल्या. मध्यंतरी त्यानं चॅटबॉटला विचारलं, बरं वाटतंय तर गोळी बंद करू का? उत्तर आलं, स्वतःहून बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार. बरोबर उत्तर होतं ते.

लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या माझ्या भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, आमच्या हॉस्टेलवर सगळ्याच बोलतात. नीटचा टेस्ट पेपर वाईट गेला की घरी कोण सांगणार? त्यालाच सांगायचं." तिला मी १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवायला सांगितला. तिथं तिच्या उशाशी आजी नाही, याची काळजी मला लागून राहिली आहे.

मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि आई-वडील आले. पुढच्या भेटीला वडील दवाखान्यात आले होते. मॅडमनी मुलाच्या संमतीनं ते उचलीचं वाक्य त्यांना सांगितलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाचा हात हातात घेऊन त्याचा तळवा उघडला आणि आपला त्याच्या शेजारी धरला. कोयत्यानं पडलेले घट्टे दाखवत म्हणाले, "हे तुझ्या हाताला नको म्हणून ठिवलं तुला." मुलाची गोळी अजून चालू आहे, पोटदुखीच्या सोमवारच्या सुट्ट्या कमी झाल्या आहेत, रकाने तो आता वहीतच लिहितो.

आमच्या भागातल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी एक मागणी मांडली आहे. टोळ्या निघायच्या आधी, मागं राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढं एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं, जे रोज त्याला बघेल, विचारेल, जेवला का, शाळेत का आला नाही. शेजारी, भावकी, अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक, कुणीही चालेल. मुलांसाठी मराठीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि टेलि-मानसला जोडलेला चॅटबॉट कुणी बनवला तर मी तो आनंदानं वापरेन; तोही या नावाला जोडलेला असला पाहिजे, मूल दोन दिवस गप्प राहिलं तर त्या माणसाला निरोप गेला पाहिजे. आमच्या शाळेची यादी तयार केली आहे. काही मुलांच्या नावापुढं अजून कुणाचंच नाव नाही, आणि दिवाळीच्या आत ते शोधायचं आहे.